पकड

पहिल्याच दिवशी बिडवे मॅडम म्हणाल्या,
म्हातारपण हा रोग नाही, लिहून घ्या.
आम्ही लिहून घेतलं.
मग दोघांत मिळून एकशे वीस फॉर्म, एक स्टॉपवॉच,
तीन मीटरची टेप आणि एक यंत्र:
मुठीत दाबलं की काटा सांगतो
हातात किती किलो उरलेत.

बाकीची मुलं सुट्टीला गेली, आंबे खायला.
आम्ही सकाळी सातची लातूर-औसा बस,
पाठीला चिकटलेला ॲप्रन.
दहानंतर डांबर बुटाला धरायचं,
बाराला गल्लीत नुसते कूलरचे आवाज
आणि आम्ही, साठीच्या पुढचं कुणी आहे का घरात, विचारत.
एका दारात सून म्हणाली, हाईत की, पण देणार काय तुम्ही?
माझ्या जोडीदारानं, राजहंस गुट्टेनं,
संमतीपत्र पुढं केलं.

स्मृती, प्रश्न पहिला: आज वार कोणता?
शिवलिंगआप्पा हालकुडे विचार करून म्हणाले,
नळ येऊन सहा दिस झाले.
राजहंसनं शून्य मांडलं.
सून आतून ओरडली, सहा न्हाई, सात.
रांजणात काठी घालून बघितली. आप्पा बरोबर.
शून्य तसंच राहिलं, तक्त्यात नळ नाही.
घड्याळ काढा म्हटलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं,
तर त्यांनी एक भिंत काढली
आणि तिच्या पायाशी
वीतभर सावली.

फॉर्म नंबर सत्तेचाळीस. हलीमाबी मनियार.
वय: "लिही सत्तर." आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर.
पूर्वीचा व्यवसाय: बांगड्या, डोक्यावर टोपली, पायी.
उजवा हात: नऊ. आठ. आठ.
डावा: सात,
आणि मग तिनं यंत्र मांडीवर ठेवून दिलं.
फॉर्मवर छापलंय, सोळाच्या खाली असेल तर
'क्षीण'च्या चौकोनात खूण करा.
मी केली. तिला वाचता येत नाही,
पेनाचा आवाज कळला असावा.

"तुजा हात दे इकडं."
अंगठा तळव्यात दुमडला,
बोटांच्या मुळाशी हाडं जवळ आणली, एकेक,
पेटीत काड्या बसवाव्यात तशी.
दुखेल म्हणून मी श्वास धरला
तोवर झालंही होतं.
काहीच न घालता
मनगटापर्यंत काहीतरी सरकून गेल्यासारखं.
"सव्वादोन. डावा जरा मोठा हाय.
डावखुरी तू. मारून उजव्यावर आनलेलं दिसतंय."
तिसरीत, फूटपट्टीनं.
घरात आता कुणाला आठवतही नाही.
"यंत्र जोरच मोजतं ना?" ती म्हणाली,
"जोर लावला की काच फुटती, बेटा.
पन्नास वर्सं लोकांच्या पोरींचे हात धरले मी.
जोर कुनाला पायजेल?"

जूनअखेर, नियमाप्रमाणं,
दहातल्या एकाला पुन्हा मोजायचं होतं.
चिठ्ठी सत्तेचाळीसची निघाली.
तिनं हात धुतले, पदराला पुसले,
उरलेले दात आवळले.
नऊ.
"दहा लिही की. कोन बघायलंय?"
खरंच कुणी बघत नव्हतं.
राजहंस बाहेर तांब्यानं पाणी पीत होता, वरून, सांडत.
मी नऊच लिहिले.

शेऱ्याचा रकाना, जिथं सगळे
'काही नाही' लिहितात,
तिथं लिहिलं:
सव्वादोन. डावा किंचित मोठा.

फॉर्म परत आलाय.
मॅडमनी लाल पेनानं विचारलंय,
कुणाचा?